अनुक्त

प्रयोगशाळेत सोळा संगणक, त्यातले चौदा चालू.
प्रत्येकाच्या पोटात एक यंत्र, हाताला न लागणारं.
आभासी म्हणायचं त्याला, पण मेमरी खरीच खातं.
दर वर्षी नवी मुलं त्याच नऊ ओळी उतरवून काढायची:
मेमरी इतकी, घड्याळ भारताचं,
पॅकेजं शोधायची ती कपाटावरच्या डब्यात,
कारण केबल तुटली की वेंगुर्ल्याला
दुपारपर्यंत इंटरनेट येत नाही.
नवव्या ओळीत सामायिक फोल्डर, सगळ्यांचा एक.
तिथे कोणीतरी स्वल्पविराम विसरायचंच.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी प्लगइन लिहिलं.
तत्त्व सोपं: तुम्ही बोललात तर तुमचं खरं,
गप्प राहिलात तर माझं.
पारकरबाईंच्या खानावळीत हेच चालतं.
काही न सांगता बसलात तर बांगड्यात तिरफळ पडणार,
नको म्हणालात तर नाही पडणार,
आणि बाई त्यावरून टोमणाही मारणार नाहीत.
मुलांच्या फायली दोन ओळींवर आल्या.
प्राचार्य 'छान' म्हणाले, काय ते न विचारता.

आल्हाद कुबल शेवटच्या बाकावरचा.
बापाच्या होडीवरचा जीपीएस घरी आणून
रात्री आकडे उतरवायचा: जाळं कुठे टाकलं,
पाणी किती वाव, लागलं काय.
आणि आज्याच्या खुणा, ज्या कुठल्याच यंत्रात नव्हत्या:
दीपगृह बोटाएवढं दिसतं तिथून
देवळाचा कळस डोंगराच्या खांद्यावर येईस्तोवर वल्हवायचं,
मग खाली खडप.
खडपात तांबोशी.
तीन पिढ्यांत हे बंदरावर कुणाला कळलेलं नाही.

सामायिक फोल्डरच्या जागी आल्हादने
दोन अवतरणचिन्हं टाकली होती, मध्ये काही नाही.
माझ्या प्लगइनने पाहिलं: काही नाही.
विसरला असेल बिचारा.
भरून टाकलं.

सोमवारी सकाळी चौदा पडद्यांवर कुबलांचं खडप.

तो ओरडला नाही. माझ्या टेबलाशी येऊन
स्टेपलर उघडत, मिटत उभा राहिला.
"मॅडम, मी नको म्हटलंय.
सांगूक इसराक नाय."

त्या रात्री वीज दोनदा गेली.
मेणबत्तीत वहीवर मी 'काही नाही'चे तुकडे करत बसले.
शून्य म्हणजे कुणीतरी शून्य मागितलंय.
रिकामं म्हणजे कुणीतरी हाताने रिकामं केलंय,
भांडं घासून पालथं घालतात तसं.
आणि तिसरं, ज्याला अजून कुणाचं तोंडच लागलेलं नाही,
त्याला वेगळं नाव हवं.
मी 'अनुक्त' ठेवलं.
माझं भरायचं ते फक्त तिथे,
तेही सगळ्यांचं बोलून झाल्यावर, सर्वांत शेवटी.
पाच ओळींचा बदल.
इतका लहान, की लाज वाटली.

दुसऱ्या बाकावर रेजिना आल्मेडा बसते.
तिच्या बापाची होडी कुबलांच्याच धक्क्याला लागते.
त्या सोमवारी तिचा पडदा चालू होता.
तिने वाचलं का, वाचून घरी नेलं का,
की खिडकी बंद करून टाकली?
त्या आठवड्यात आल्मेडांची होडी निवतीकडे वळली म्हणे,
पण त्या दिवसांत सगळ्याच तिकडे वळतात.
मी विचारलं नाही. आल्हादनेही नाही.

गुरुवारी रेजिना तिची फाईल दाखवायला आली.
नऊच्या नऊ ओळी, स्वतः लिहिलेल्या.
"माका तुमचा काय नको, मॅडम," म्हणाली, हसून.
नवव्या ओळीत दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही,
आणि पुढे स्वल्पविराम,
जागच्या जागी.